मानसी मोठ्याने विचार करते

मीठ घाल.

•

स्टीलचा पेला. पेल्यात पाणी. पाण्यात दात.

•

बारसं, हळद, वंदना, कॅरमची फायनल, कुणाच्या तरी मामाचा साठावा वाढदिवस. हॉल एकच.

•

"उमेदवाराचं उत्तर बरोबर होतं. ते कुठून आलं, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही."

•

भरदिवसा दार लावलं म्हणजे कुणीतरी गेलं. नाहीतर नवराबायकोचं काहीतरी. तिसरं कारण अजून कुणी ऐकलेलं नाही.

•

अपेक्षा: मनमिळाऊ, घर सांभाळणारी.

•

मिठापासून सुरुवात

"मीठ घाल" असं गंगुबाई म्हणाल्या होत्या, भिंतीपलीकडून.

मानसी तेव्हा शाळेत होती. चिंचपोकळीच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, पलंगावर बसून बीजगणित करत होती, आणि समीकरणाच्या मधोमध अडकल्यावर स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "आता ह्यात काय घालू?"

डावीकडच्या फळ्यांच्या भिंतीपलीकडून आधी टक् असा आवाज आला. गंगुबाईंची कवळी. ती बसवल्यापासून त्या काही बोलायच्या आधी टक् होतं आणि मग वाक्य येतं.

"मीठ घाल," गंगुबाई म्हणाल्या.

उजवीकडून लवूकाका म्हणाले, "आधी चव बघ. हल्लीची मुलं चव न बघता घालतात." लवूकाका लालबागला मसाल्याच्या गिरणीत. त्यांच्या अंगाला कायम भाजल्या मिरचीचा वास, आणि कुणीही कुणालाही विचारलेला प्रश्न आपल्यालाच विचारलाय अशी त्यांची पक्की समजूत.

मानसीच्या आईने, शैलाने, स्वयंपाकाच्या ओट्यापासून विचारलं, "कशात मीठ? मी तर चहा टाकलाय."

आणि आजोबा, कोंडीराम, कापडगिरणीच्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटात जन्म घालवल्यामुळे ज्यांना कुजबुजणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, ते गॅलरीतून ओरडले, "चहात मीठ कोण घालतंय?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं की शैलाच्या पोरीने चहात मीठ घातलं.

त्या दिवसानंतर मानसी तोंड मिटून विचार करायला लागली. फार चांगला करायला लागली.

आता

आता ती बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन इंटरव्ह्यू झाले. दोन्ही गेले. वर दिलेला शेरा दुसऱ्यातला. पहिल्यातला त्याहून आखूड होता: "गप्प बसते."

तिसरा इंटरव्ह्यू हर्षवर्धनदादाने आपल्या ओळखीने मिळवून दिला होता. चौथा असणार नव्हता, कारण मानसीच्या मावशीने भायखळ्याच्या एका कुरियर ऑफिसात तिचं काम ठरवून टाकलं होतं. "कॉम्प्युटरचंच आहे," मावशी म्हणाली. म्हणजे दिवसभर पाकिटांवरचे नंबर टाइप करायचे. शैलाने होसुद्धा म्हटलं होतं, पुढच्या एक तारखेपासून.

"आई, ते कॉम्प्युटरचं काम नाहीये."

"समोर कॉम्प्युटर असणार ना?"

"असणार."

"मग?"

याचं उत्तर मानसीकडे होतं. पण ते तिने मनात दिलं.

रविवार, विहाराचा हॉल

हर्षवर्धन तळमजल्यावर वाढला. आता ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि रविवारी सकाळी चाळीच्या आवारातल्या बुद्ध विहाराच्या हॉलमध्ये चाळीतल्या पोरांना नोकरीसाठी तयार करतो. फळा, खडू, प्लास्टिकच्या खुर्च्या. हॉल मिळाला तर. बऱ्याचदा आदल्या कार्यक्रमाचा मांडव निघालेला नसतो आणि वर्ग कुणाच्या तरी हळदीच्या पिवळ्या डागांवर बसून होतो.

त्या दिवशी त्याने बायोडेटे तपासले.

"सुशांत."

"हां दादा."

"हे काय आहे?"

"रेझ्युमे."

"वर्ण, गव्हाळ. रास, वृश्चिक. मामाचं गाव, देवरुख."

सुशांत पहिल्या मजल्यावरचा. त्याने मान खाली घातली. "झेरॉक्सवाल्याकडे एकच फॉरमॅट होता दादा. तो म्हणाला, सगळे हाच नेतात."

"सगळे लग्नाला नेतात रे! आणि खाली काय लिहिलंयस? अपेक्षा: मनमिळाऊ, घर सांभाळणारी."

"ते खोडायचं राहिलं."

"कंपनी एखाद वेळेस मनमिळाऊ निघेल. घर काही सांभाळणार नाही. मानसी, तू हसतेयस का?"

मानसी हसत होती. आवाज न करता.

"ये फळ्याजवळ."

तो खुर्ची उलटी करून बसला. हा त्याचा इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबाचा अवतार. एक गणित दिलं. मानसीने खडू घेतला, फळ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि उत्तर लिहिलं.

"बरोबर. कसं काढलंस?"

"मनात."

"मनात काय झालं?"

"उत्तर आलं."

"आकाशातून पडलं?"

मानसीने खडू खाली ठेवला.

"मानसी, ऐक. नुसतं उत्तर आजकाल कुणाला नकोय. उत्तर मशीन देतं, आणि न विचारता आणखी चार देतं. समोरच्याला बघायचं असतं की ही पोरगी आपल्या शेजारी बसली, अडकली, तर कशी अडकते. कुठली वाट सोडते, का सोडते. म्हणून मोठ्याने विचार करायचा. डोक्यातला आवाज बाहेर येऊ दे."

"आवाज नाहीये दादा."

"सगळ्यांच्या डोक्यात असतो."

"माझ्या डोक्यात शांत आहे," मानसी म्हणाली. "घरात तेवढीच एक जागा शांत आहे."

हर्षवर्धन यावर काहीतरी बोलणार होता. पण तोही त्याच चाळीत वाढला होता. त्याने फळा पुसला. बराच वेळ पुसला, पुसून झाला तरी पुसला.

"लहानपणी तू काही मोठ्याने बोललीस की काय व्हायचं?"

"मीठ घाल म्हणायचे."

"आणि माझ्या मजल्यावर म्हणायचे, डॉक्टरला दाखव." तो उठला. "ठीक आहे. मग औषध तिथेच आहे. रोज संध्याकाळी गॅलरीत उभं राहायचं, एक गणित घ्यायचं, मोठ्याने सोडवायचं. जो उत्तर देईल त्याला देऊ द्यायचं. आणि त्याचं चुकलं असेल तर का चुकलं, ते पटवल्याशिवाय पुढे सरकायचं नाही."

"कुणाला? लवूकाकांना?"

"सगळ्यांना. आणि 'तुम्हाला नाही कळायचं' हे वाक्य बंद."

गॅलरी: पहिली संध्याकाळ

मानसी (कठड्याला टेकून, आकाशाकडे बघत): समजा माझ्याकडे नावांची एक यादी आहे.

गंगुबाई (टक्): कोणाच्या लग्नाची गो?

मानसी: कुणाच्याच नाही. समजा.

गंगुबाई: समजा कित्याक? आसा तर आसा म्हण, नाय तर नाय म्हण.

मानसी: यादीत एक नाव दोनदा आलंय. कुठलं, ते शोधायचंय.

गंगुबाई: शिरोडकर.

मानसी: तसं नाही आजी. नाव माहीत नाहीये.

गंगुबाई: माका म्हायत आसा. शिरोडकर खय पण दोनदा येतत. जेवूक पण दोनदा बसतत.

लवूकाका (बनियनवर, दारातून): यादी केवढी?

मानसी: लाखभर नावांची.

लवूकाका: एवढ्या लोकांना बोलवायचंच कशाला?

मानसी आत गेली.

गॅलरी: नंतरच्या संध्याकाळी, एकत्र करून

"एकेक नाव घ्यायचं आणि ते आधी येऊन गेलंय का बघायचं."

"पहिल्यापासून परत वाच," लवूकाका म्हणाले. "प्रत्येक नावाला पहिल्यापासून. म्हणजे चुकायचं नाही."

"चुकणार नाही काका, पण संपणार पण नाही. लाखाव्या नावाला तुम्ही आधीची सगळी परत वाचणार?"

"मला काय, मी रिटायर होतोय."

"पण मला नाही ना व्हायचंय!"

हे ती मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने की शैला पळी हातात घेऊन बाहेर आली.

"काय झालं? भांडण?"

"नाही आई. यादी आहे."

"मग हळू बोल."

"हळू नाही बोलायचं. दादाने सांगितलंय."

हळूहळू तिसऱ्या मजल्याला चटक लागली. संध्याकाळी मालिका लागायच्या वेळेला लोक खुर्च्या बाहेर काढून बसायला लागले. मानसी प्रश्न मांडायची, थांबायची, आणि कुणीतरी त्यात उडी घ्यायचं. लवूकाकांचं ठरलेलं उत्तर असायचं, "जो आधी आला त्याला आधी." गंगुबाईंचं, "लहान असात ता पयला उरकून घे." कोंडीरामांना प्रश्न अर्धाच ऐकू यायचा, पण उत्तर ते पूर्ण द्यायचे. आणि मानसी एकेकाला, त्याच्याच घरातलं, त्याच्याच ताटातलं उदाहरण घेऊन, का नाही ते सांगायची. कधीकधी सांगता सांगता तिला स्वतःलाच उत्तर सापडायचं आणि ती मध्येच "अरे हो!" म्हणायची. मग लवूकाका म्हणायचे, "बघ, मी तेच म्हणत होतो."

तिच्या लक्षात आलं नाही, पण एक सवय लागली. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. कुणीतरी काहीतरी चुकीचं बोलेल, त्याची वाट बघायची. मग पुढचं वाक्य.

हर्षवर्धन खुश होता. हे थांबणं त्याच्याही लक्षात आलं नाही.

कंपनीची मेल, महत्त्वाचा भाग

मुलाखत ऑनलाइन. उमेदवाराने बंद खोलीत एकट्याने बसावे. परिसर शांत असावा. मुलाखतीदरम्यान इतर कोणाचाही आवाज आल्यास मुलाखत थांबवण्यात येईल.

बैठक

मेल आली त्या संध्याकाळी गणित झालं नाही. सगळा मजला गॅलरीत जमला.

"बंद खोली म्हणजे?" शैलाने विचारलं.

"दार लावून."

"दिवसा?"

दिवसा दार लावायचं म्हणजे जरा जडच होतं. तिसऱ्या मजल्यावरची दारं सकाळी उघडतात ती झोपायच्या वेळी लागतात. मध्ये लागली, तर आत काय झालं ते बघायला लोक धावतात. गेल्या वर्षी टोकाच्या खोलीतल्या भिवाने नुसती टीव्ही दुरुस्त करताना ऊन येतंय म्हणून दार लोटलं, तर दोघंजण हार घेऊन आले होते.

"विहाराच्या हॉलमध्ये बस," भिवा म्हणाला.

"हॉलमध्ये बारसं आहे त्या दिवशी."

"कोणाचं?"

"ते नंतर बघू," लवूकाका म्हणाले. त्यांनी सूत्रं हातात घेतली होती. "त्या वेळेत कुकर कुणी लावायचा नाही. फोडणी नाही, फोडणीने ठसका लागतो. मोबाइल बंद. भांडी सकाळीच घासून घ्या. कोंडीरामदादांना बारशाला पाठवा, तिथे त्यांचा आवाज खपून जाईल."

"मी काय आवाज करतो?" कोंडीराम गरजले. खालून कुणीतरी "काय झालं हो?" विचारलं.

"आणि उत्तरं द्यायची नाहीत," मानसी म्हणाली.

"कुणीच?"

"कुणीच नाही, काका. एक शब्द आला तरी थांबवतील. मग कुरियर."

गंगुबाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांना स्वतःची काळजी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी लवूकाकांनी मानसीच्या दाराच्या कडीला खोबरेल तेल लावलं. दिवसा वापरायची म्हणून.

इंटरव्ह्यू

दार लागलं.

स्क्रीनवर एक बाई आल्या. चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. सगळं इंग्रजीत चाललं होतं. नाव, कॉलेज, प्रोजेक्ट. मानसी बोलली, नीट बोलली. मग बाई म्हणाल्या, "एक मीटिंग रूम आहे. दिवसभराच्या खूप मीटिंगांची मागणी आली आहे. प्रत्येकीची सुरू व्हायची आणि संपायची वेळ दिलेली आहे. जास्तीत जास्त मीटिंगा कशा बसवाल? विचार करा, पण मोठ्याने करा."

"ओके," मानसी म्हणाली. "एक खोली आहे. मीटिंगा खूप आहेत. कुणाला आधी द्यायची, ते ठरवायचंय."

आणि थांबली. सवयीने.







कुणी काही बोललं नाही.







कुकर नाही. फोडणी नाही. नळ नाही. तिने चाळीत आयुष्यात एवढी शांतता ऐकली नव्हती. कान दुखायला लागले. "जो आधी आला त्याला" असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते म्हटल्याशिवाय "नाही" कशाला म्हणायचं?







"मानसी? माझा आवाज येतोय?"

"येतोय मॅडम."

"तुमचा येत नाहीये."







आणि तेव्हा डावीकडच्या फळ्यांमागून आवाज आला. टक् झालं नाही. शब्दांना कडा नव्हत्या, मऊ, ओला, तोंडातच विरघळलेला आवाज, पण शांततेत स्वच्छ ऐकू आला.

"बो गो बाय."

बाईंनी चष्मा वर केला. "खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही मॅडम."

"मी आत्ता आवाज ऐकला. नियमाप्रमाणे मला हे इथेच थांबवावं लागेल."

मानसीच्या डोळ्यांपुढे पाकिटं आली. नंबर लिहिलेली, भायखळ्याहून जगभर निघालेली.

"मॅडम, तुम्ही बघा. प्लीज. खोली बघा."

तिने लॅपटॉप उचलून फिरवला. त्या खोलीत लॅपटॉप एकदा फिरवला की सगळी खोली बघून होते. पलंग, ओटा, देव्हाऱ्याच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब, कपाट, फळ्यांची भिंत.

"ही भिंत लाकडाची आहे. पलीकडे शेजारच्या आजी आहेत."

"दार उघडा," बाई म्हणाल्या.

मानसीने कडी काढली. तेलामुळे ती जराही कुरकुरली नाही.

दाराबाहेर

सगळा तिसरा मजला गॅलरीत जमिनीवर बसला होता. भिंतीला एक रांग, कठड्याला एक रांग, मध्ये जाण्यायेण्यापुरती वाट. चपला जिन्याजवळ. बायकांच्या डोक्यावर पदर. माना खाली, हात मांडीत. लवूकाकांनी पांढरा शर्ट घातला होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण दिवसा बंद झालेल्या दारासमोर कसं बसायचं, याची त्यांना एकच पद्धत माहीत होती.

बाईंनी हेडफोन काढला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आय अॅम सो सॉरी. कोण गेलं?"

"कुणी नाही मॅडम. माझा इंटरव्ह्यू आहे."

"हे सगळे..."

"शांतता ठेवायला बसलेत."

बाईंनी दोन्ही रांगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. "आवाज कुणाचा होता?"

शेजारच्या उंबऱ्यात गंगुबाई बसल्या होत्या. पदराचा बोळा तोंडात, डोळे पाण्याने भरलेले. मानसीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. गंगुबाईंनी स्क्रीनला हात जोडले.

"काय सांगितलं त्यांनी तुम्हाला?"

"बोल, असं म्हणाल्या."

"काय बोल?"

"तेवढंच. नुसतं बोल."

"त्यांना यातलं कळतं?"

मानसीने विचार केला. खरं सांगायचं ठरवलं. "नाही मॅडम. पण त्या उत्तरं देतात."

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "दार उघडंच राहू दे. मला सगळे दिसू देत. पण कुणाच्या तोंडून उत्तर आलं, तर मी खरोखर थांबवीन. चला. एक खोली आहे."

मानसीने लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि स्वतः उंबऱ्यात मांडी घालून बसली. एका बाजूला स्क्रीन, दुसऱ्या बाजूला मजला.

"खोली नको," ती म्हणाली. "हॉल म्हणू. आमच्या इथे एक हॉल आहे."

इंग्रजी वाक्यातला 'हॉल' तेवढा मजल्याला कळला. माना वर झाल्या. हॉल कुणाला मिळावा याबद्दल तिथे प्रत्येकाचं मत होतं. आणि लवूकाकांचा हात वर गेला. शाळेतल्यासारखा, सरळ, बोट ताठ. तोंड घट्ट मिटलेलं.

"त्या गृहस्थांनी हात वर केलाय," बाई म्हणाल्या.

"हो. त्यांचं म्हणणं, जो कार्यक्रम आधी सुरू होतो त्याला हॉल आधी द्या."

"ते तर काहीच बोलले नाहीत."

"ते नेहमी तेच म्हणतात."

"मग? बरोबर आहे का?"

"नाही."

"का?"

आणि मानसी सुटली.

"कारण पहाटे सुरू होणारा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालू शकतो. त्यांच्याच मुलाचा साखरपुडा झाला होता, मॅडम. सगळ्यात आधी सुरू झाला आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच हॉल मिळाला नाही. एक कार्यक्रम बसला, चार गेले."

साखरपुडा हा शब्द तिला इंग्रजीत आठवला नाही, म्हणून ती मराठीतच म्हणाली. लवूकाकांचा हात हळूहळू खाली आला.

गंगुबाईंनी बोळा न काढता अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. एवढुसा.

"आजी म्हणतात, जो सगळ्यात लहान त्याला आधी. हे जरा बरं वाटतं. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण समजा एक वर्ग सकाळपासून दुपारपर्यंत आहे. दुपारी तो संपला की लगेच हळद. दोन्ही छान बसतात. आता एक छोटीशी बैठक आली, वर्गाच्या शेवटात आणि हळदीच्या सुरुवातीत पाय टाकून बसणारी. ती लहान म्हणून तिला हॉल दिला, तर वर्ग पण गेला आणि हळद पण गेली. म्हणून नाही. सॉरी आजी."

गंगुबाईंनी मान डोलावली. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण आपलं चुकलं हे ओळखीच्या सुरावरून कळलं.

"पुढे," बाई म्हणाल्या. त्या पुढे झुकल्या होत्या.

"कधी सुरू होतो ते नको. केवढा आहे ते पण नको. मग उरलं काय? कधी संपतो... अरे हो! जो सगळ्यात आधी संपतो, त्याला आधी. तो गेला की मागे सगळ्यात जास्त हॉल मोकळा राहतो. मग जे उरलेत, ज्यांची वेळ त्याच्याशी भांडत नाही, त्यांच्यातला जो आधी संपतो, तो. मग पुन्हा तसंच. आधी सगळ्यांना संपायच्या वेळेप्रमाणे ओळीत लावून घ्यायचं, म्हणजे शोधत बसावं लागत नाही."

तेवढ्यात खालून, विहाराच्या हॉलमधून, साचेखात्याचा आवाज आला.

"अजून नाव ठेवलं नाही? मला वाटलं, बारसं आटपलं!"

स्क्रीनवरच्या बाई दचकल्या. मजल्याने डोळे मिटून घेतले. शैलाने कपाळाला हात लावला.

"ते माझे आजोबा," मानसी म्हणाली. "बारशाला गेलेत. बारसं वेळेत संपलं नाहीये." आणि मग, स्वतःशीच, मोठ्याने, "पण मॅडम, मी धरून चालले की प्रत्येकजण सांगितलेल्या वेळेला संपवतो. तसं होत नाही. उशीर झाला तर पुढच्यांचं काय?"

"हा माझा पुढचा प्रश्न होता," बाई म्हणाल्या. "बोला."

झाल्यावर

स्क्रीन काळी झाली. मजला तसाच बसलेला.

"झालं?" शैलाने ओठ हलवून विचारलं.

"झालं."

मग जे सुरू झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. सगळे एकदम, सगळं साठलेलं. दोन कुकर लागले. भिवाने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला, नुसता वाढवायचा म्हणून.

लवूकाका रुसून बसले होते. "मला चूक ठरवलंस. परदेशी बाईसमोर."

"ती पुण्याची आहे काका."

"मग तर अजून वाईट. बरं, बरोबर काय होतं?"

मानसीने सांगितलं. लवूकाकांनी डोळे बारीक करून ऐकलं. "म्हणजे माझंच. दुसऱ्या टोकाकडून धरलेलं."

मानसी हे खोडून काढणार होती. मग तिने विचार केला, दुसऱ्या टोकाकडून धरलेलं, हे तसं अगदीच चूक नाही. हे तिने मनात ठेवलं. मनातली खोली तिने काही सोडून दिली नव्हती.

हर्षवर्धनचा ऐरोलीहून फोन आला. "गप्प बसलीस का?"

"बसले."

"अगं! किती वेळ?"

"गंगुआजी बोलेपर्यंत."

पलीकडे शांतता. चांगलीच लांब.

"दादा? आवाज येतोय?"

मेल, दुसरी

निवड झाल्याचं पहिल्या ओळीत होतं. ते शैलाने तीनदा वाचायला लावलं, तिसऱ्यांदा गॅलरीत उभं राहून. खाली शेरा: "उमेदवार चुकीची उत्तरं आदराने खोडून काढते. स्वतःच्या उत्तरातली फट स्वतःच दाखवते. परिसर शांत नव्हता."

मावशीला कुरियरचं नाही म्हणून कळवलं. मावशी म्हणाली, "पण तिथेही कॉम्प्युटरच असणार ना?" यावेळी शैला म्हणाली, "असणार. पण ही त्याच्याशी भांडणार आहे."

पुढच्या रविवारी हॉलमध्ये मांडव होता, म्हणून वर्ग तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भरला. सुशांतने नवा बायोडेटा आणला होता. रास गेली होती. मामाचं गाव गेलं होतं. वर्ण गव्हाळ तेवढा राहिला होता.

"हे का ठेवलंस?" हर्षवर्धनने विचारलं.

सुशांत तोंड उघडणार एवढ्यात टक् झालं.

"रवांदे मरे," गंगुबाई म्हणाल्या. "गोरो आसा झील."

"आजी, का नको ते मी सांगते," मानसी म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

•

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळीच गंगुबाईंनी कवळी काढून स्टीलच्या पेल्यात पाण्यात टाकली होती, चुकून तोंड उघडलंच तर शब्द फुटू नये म्हणून.